धार : शब्द एक, कामे अनेक

खाली चार वाक्ये दिली आहेत. आधी ती सावकाश वाचा.

"विळ्याला धार नाही."
"म्हशीची धार काढायची आहे."
"सकाळपासून पावसाची धार थांबलेली नाही."
"डोंगराच्या धारेवरून चालताना जपून चाल."

चारही वाक्यांत धार हा शब्द आला आहे. अक्षरे दोनच आहेत. धा आणि र. पण विळ्याची धार वेगळी, म्हशीची वेगळी, पावसाची वेगळी आणि डोंगराची वेगळी. मग कुठली धार कोणती, हे कसे ओळखायचे? शेजारचा शब्द पाहून. विळा शेजारी असेल तर ती कापणारी धार. म्हैस शेजारी असेल तर ती दुधाची धार. एकट्या शब्दाचा अर्थ लावू नये. पूर्ण वाक्य वाचावे, मग अर्थ लावावा. नव्याने वाचायला शिकणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ती कशी उपयोगी पडते, ते आपण पुढे पाहू.

हत्याराची धार

शहापूर आणि मुरबाड हे भाताचे आणि गवताचे तालुके. इथे घराघरात विळा आहे, कोयता आहे, कुऱ्हाड आहे. रानात जाणारा माणूस कमरेला आकडी बांधतो आणि आकडीत कोयता अडकवतो. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडायच्या तर कोयता लागतो. भात कापायचे तर विळा लागतो. दसऱ्याला आपण या हत्यारांची पूजा करतो. मग वर्षभर त्यांची निगाही राखायला नको का?

धार कापते ती कशामुळे? एक साधा प्रयोग करा. विळा उलटा धरा आणि त्याच्या पाठीने गवत कापून बघा. गवत दबते, वाकते, पण तुटत नाही. आता विळा सरळ करा. तोच हात, तोच जोर. गवत सपकन तुटते. कारण सोपे आहे. पाठ जाड असते. हाताचा सगळा जोर तिच्या रुंदीवर पसरतो. धार केसासारखी बारीक असते. सगळा जोर त्या बारीक रेघेवर एकवटतो, म्हणून ती आत शिरते.

धार झिजली की ती रेघ रुंद होते. तिला आपण बोथट म्हणतो. बोथट विळ्याला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावला की हात घसरतो, आणि विळा गवताऐवजी बोटावर येतो. पुष्कळांना वाटते, धारदार हत्यार धोक्याचे आणि बोथट हत्यार बरे. खरे पाहता बोथट हत्यारच जास्त दगा देते. धारदार विळा सांगितले तेवढेच कापतो.

ही धार तयार होते लोहाराच्या भट्टीत. लोहार भाता मारून लोखंड लाल करतो. ऐरणीवर ठेवून घणाने त्याचे पाते ओढतो. मग तापलेले पाते पाण्यात बुडवतो. चर्र असा आवाज येतो. याला पाणी देणे म्हणतात. पाणी दिल्याने पाते कडक होते. पण फार कडक झाले तर दगडावर आपटताच धारेचा टवका उडतो. कमी कडक राहिले तर धार वळते. दोन्हींच्या मधला नेमका बेत साधणे, हेच लोहाराचे कसब.

पुढे धार राखायचे काम आपले. विळा पाजवायचा, म्हणजे त्याला धार लावायची. दगड ओला करावा. पाते दगडावर जरासे तिरके धरावे. जो तिरकेपणा धरला तोच शेवटपर्यंत ठेवावा. विजेच्या चाकावर कोरडे पाते फार वेळ धरू नये. धारेचा रंग निळा-काळा झाला तर समजा की ती फार तापली. तापली की लोहाराने दिलेले पाणी उतरले. अशी धार लवकर जाते. धार लागली की नाही, हे बोट फिरवून बघू नये. गवताची एक काडी कापून बघावी.

सगळेच विळे पाजवायचे नसतात. भात कापायला दातेरी विळा मिळतो. त्याच्या धारेला बारीक दाते असतात. वैभव विळा हा त्याच जातीचा. तो वजनाला हलका असतो आणि पुन्हा पुन्हा पाजवावा लागत नाही. अशा विळ्याने भात जमिनीलगत कापता येते. त्याचा आणखी एक फायदा आहे. भाताच्या खोडकिडीच्या अळ्या कापणीनंतर धसकटात दडून बसतात. धसकट उंच ठेवले तर त्यांना घर मिळते. जमिनीलगत कापले तर त्यांचा आसरा जातो.

विळ्याच्या धारेवर पोट असते, तेव्हा मजुरीचा हिशेबही चोख हवा. एके काळी या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू आणि उंबरगाव भागात, वारली मंडळी रानोरान गवत कापत. मजुरी फार थोडी मिळे. १९४५ साली त्यांनी एकजूट केली. पाचशे पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी त्यांनी केली. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. तो सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. मागणी किती साधी होती, बघा. गवत किती आणि पैसे किती, एवढेच ठरवून द्या. पण ते ठरवून घ्यायला वजन कळावे लागते आणि आकडा वाचता यावा लागतो.

धार लागली तर

कितीही जपले तरी कधीतरी धार लागते. तेव्हा काय करावे?

जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. धुतलेले फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे. हात किंवा पाय उंच ठेवावा. रक्त थांबेपर्यंत फडके उचलून बघू नये. जखमेत राख, शेण, चुना, तंबाखू काही भरू नये. जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर तडक दवाखाना गाठावा.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते जखमेतून आत शिरतात. या रोगात जबडा आवळतो आणि अंग धनुष्यासारखे वाकते. म्हणूनच त्याला धनुर्वात हे नाव पडले. लोक म्हणतात, गंजलेले लोखंड लागले की धनुर्वात होतो. पण दोष गंजाचा नाही. लोखंडाला लागलेल्या मातीचा आणि शेणाचा आहे. चकचकीत विळा शेणामातीत पडला आणि मग लागला, तरी भीती तेवढीच. जखम झाल्यावर धनुर्वाताच्या लशीबद्दल सरकारी दवाखान्यात विचारावे.

पूर्वी घरी बाळंतपण झाले की बाळाची नाळ हाताला येईल त्या पात्याने कापत. कधी विळ्याने, कधी वापरलेल्या ब्लेडने. त्यातून बाळाला धनुर्वात होई. किती पाळणे रिकामे झाले असतील! गरोदर बाईला लस टोचणे, दवाखान्यात बाळंतपण करणे आणि नाळ स्वच्छ पात्याने कापणे, या तीन गोष्टींनी हे संकट हटत गेले. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ हटला, असे २०१५ साली जाहीर झाले. आता तो पुन्हा येऊ नये, हे आपल्याच हाती आहे.

आणखी एक सांगणे. भातखाचरात साप चावतो. कोणी लगेच ब्लेड आणून चावलेल्या जागी चिरा देतो. असे कधीही करू नका. चिरा देऊन विष निघत नाही. उलट रक्त जाते आणि जखम चिघळते. दोरी आवळू नका, तोंडाने चोखू नका. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. गाडी करून सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या विषावर औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे. धारेत नाही.

दुधाची धार आणि पावसाच्या धारा

आता दुसरी धार घेऊ. ही कापत नाही, ही वाहते. पातळ पदार्थ बारीक आणि अखंड पडू लागला की त्यालाही आपण धार म्हणतो. तुपाची धार, तेलाची धार, घामाच्या धारा, डोळ्यांतल्या पाण्याच्या धारा. अखंडपणा ही या धारेची खूण. थेंब थेंब पडले तर ती धार नव्हे.

धार काढणे म्हणजे दूध काढणे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तिथे गुरांचा मोठा बाजार असतो. दुभते जनावर घेणारा शहाणा माणूस मालकाचे बोलणे ऐकून घेतो, पण धार स्वतः काढून बघतो. चारही सडांतून धार नीट येते का? दुधात गाठी किंवा रक्त नाही ना? एवढे बघितल्यावर मग पैशाचे बोलणे.

नुकत्याच काढलेल्या कोमट दुधाला धारोष्ण दूध म्हणतात. धार आणि उष्ण मिळून धारोष्ण. शब्द गोड आहे, आणि जुने लोक ते तसेच पीत. पण जनावराला क्षय किंवा दुसरा रोग असला तर तो कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतो. म्हणून दूध उकळून प्यावे. लहान मुलांना तर उकळल्याशिवाय देऊच नये.

पावसाचे शब्द बघा. मुसळासारख्या जाड धारा पडल्या तर मुसळधार पाऊस. न थांबता पडत राहिला तर संततधार. संतत म्हणजे सतत. आपल्या भागात आषाढात दोन्ही बघायला मिळतात. एवढा पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक पाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. तानसा धरण शहापूर तालुक्यातले. ते १८९२ साली पुरे झाले. भातसा धरणही याच तालुक्यातले. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते. मुंबईत नळाला धार येते, आणि धरणाशेजारच्या पाड्यात बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. पावसाच्या धारा आपल्याकडे कमी नाहीत. त्या अडवायला बंधारा हवा, साठवायला टाकी हवी. आणि ते मागायला ग्रामसभेत तोंड उघडायला हवे.

डोंगराची धार

आता पूर्वेला बघा. सह्याद्रीची रांग भिंतीसारखी उभी आहे. तिचा माथा जिथे बारीक होत जातो आणि दोन्ही बाजूंना उतार किंवा कडा असतो, त्याला डोंगराची धार म्हणतात. विळ्याची धार जशी दोन अंगांच्या मधली रेघ, तशीच ही डोंगराच्या दोन अंगांच्या मधली रेघ.

माळशेज आणि नाणेघाट इथे ही धार नीट समजते. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस आपल्याकडे येतो. तो काळू नदीला मिळतो, काळूतून उल्हास नदीत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस जुन्नरकडे उतरतो. तो कुकडीतून घोडनदीत, घोडनदीतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. शेवटी तो पार पलीकडच्या बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन थेंब शेजारी शेजारी पडले, पण धारेमुळे दोघांची वाट वेगळी झाली.

बोलण्याची धार

माणसाच्या बोलण्यालाही धार असते. कोणी असे बोलतो की मन कापले जाते. त्याला आपण म्हणतो, "त्याच्या जिभेला फार धार आहे." नजर धारदार असते, आवाज धारदार असतो, नाकही धारदार असते. यात लोखंड कुठेच नाही. पण विळ्याची धार आपल्या ओळखीची असते, म्हणून तिच्यावरून हे बोलणे आले.

धारेवर धरणे म्हणजे एखाद्याला कडक शब्दांत जाब विचारणे. "टाकीचे काम का अडले, म्हणून ग्रामसभेत लोकांनी सरपंचांना धारेवर धरले," असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. यात मारझोड नाही. शिवीगाळही नाही. नेमका प्रश्न आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. तिथे जमाखर्चाचा कागद मागावा, तो वाचावा आणि मग विचारावे. कागद वाचून विचारलेल्या प्रश्नाला जी धार असते, ती ओरडण्याला नसते.

धारातीर्थी

धारातीर्थी पडणे म्हणजे लढाईत प्राण देणे. तलवारीची धार हेच तीर्थ मानले, आणि तिथे देह ठेवला, असा त्याचा अर्थ.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाला हा शब्द शोभतो. माथेरानचे भाई कोतवाल हे वकील होते. १९४२ च्या चले जाव आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि इंग्रज सरकारला हैराण केले. पोलीस मागावर होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात आणि त्यांना मान देतात.

तिथे तलवार नव्हती, बंदूक होती. तरी शब्द तोच राहिला. काळ बदलला, हत्यार बदलले, पण शब्दाने आपला मान सोडला नाही.

कागदावरची धार

आता सर्वांत महत्त्वाचे. कागदावर धा आणि र ही अक्षरे पुष्कळ ठिकाणी दिसतील. पण प्रत्येक ठिकाणी कापणारी धार नसते.

धारक म्हणजे जवळ बाळगणारा. खातेधारक म्हणजे ज्याचे खाते आहे तो. शिधापत्रिकाधारक म्हणजे ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे तो.

आधार म्हणजे टेकू. आपल्या राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभली नावाचे गाव आहे. तिथे २०१० साली देशातली पहिली आधार कार्डे दिली गेली. निराधार म्हणजे ज्याला आधार नाही तो. संजय गांधी निराधार अनुदान योजना अशा लोकांसाठी आहे.

उधार म्हणजे पैसे नंतर देण्याच्या बोलीवर घेतलेला माल. या शब्दाला धार नाही, पण जपले नाही तर हा शब्द फार खोल कापतो. म्हणून उधारीची वही दर आठवड्याला स्वतः वाचावी.

धारा म्हणजे पावसाच्या सरी, तसाच धारा म्हणजे सरकारला द्यायचा शेतसारा. कोकणात जो शेतकरी असा धारा थेट सरकारात भरी त्याला धारेकरी म्हणत. आणि धारकरी म्हणजे तलवार चालवणारा. धारकरी आणि धारेकरी. फरक फक्त एका मात्रेचा. मात्रा आली की तलवार गेली आणि जमीन आली! एवढी ताकद एका मात्रेत असते.

आता आपला सात-बारा काढा. वर भूधारणा पद्धती असे शब्द दिसतील. भू म्हणजे जमीन. धारणा म्हणजे ती कोणत्या हक्काने आपल्याकडे आहे ते. पुढे भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २ असे असेल. वर्ग २ ची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर त्यालाही सरकारची परवानगी लागते. हे ठाऊक नसले की कोणीतरी मोटारीतून येतो, गोड बोलतो आणि म्हणतो, "काका, इथे फक्त अंगठा उठवा." तसे झाले तर काय करायचे? त्याला म्हणायचे, "कागद ठेवून जा. मी वाचतो, मग बोलू." जो खरा असेल तो कागद ठेवून जाईल.

विळा वापरात नसला की गंजतो. वाचनाचेही तसेच आहे. रोज थोडे वाचावे. पुडीचा कागद वाचावा, एसटीची पाटी वाचावी, औषधाच्या बाटलीवरचे वाचावे. रोज पाजवलेली धार ऐन वेळी दगा देत नाही.

सांगा पाहू

१. बोथट विळा धारदार विळ्यापेक्षा जास्त धोक्याचा का?
२. मुसळधार आणि संततधार यांत फरक काय?
३. "लोकांनी त्याला धारेवर धरले." इथे कोणती धार?
४. धारकरी आणि धारेकरी हे शब्द पाटीवर लिहा. दोन्हींचे अर्थ घरातल्या माणसांना सांगा.
५. आपल्या सात-बाऱ्यावर भूधारणा पद्धती कुठे लिहिली आहे, ते शोधा. पुढे वर्ग कोणता लिहिला आहे, तो स्वतः वाचा.